आठ वाजताचा आकडा

हिंगोली
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

प्रिय अक्का,

सोमाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पहिल्या कागदावर हात सवयीनं 'सौ.' लिहून गेला. तो कागद फाडला. दुसऱ्यावर 'श्रीमती' लिहिलं, ते मलाच वाचवेना. म्हणून नुसतं अक्का.

तू म्हणशील, फोन असताना पत्र काहून. फोनवर मी दोनदा सुरुवात केली होती. एकदा पोळ्याला, एकदा गणपतीत. दोन्ही वेळा तू म्हणालीस, "सोमा, आवाज काहून असा येऊन राहिला तुझा? जेवला का न्हाई?" मी म्हणालो, जेवलो. समोर बसून बोलायला म्हणून तीन वेळा पुसेगावला उतरून तुझ्या घरी आलो. तिन्ही वेळा तू चहा ठेवलास, मी तो पिऊन परत आलो. कागद असला की तुला मधे थांबवता येणार नाही आणि मलाही थांबता येणार नाही.

आईचं बरं आहे. गुडघा दुखतो, पण सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालून येते. पुनमसाठी स्वेटर विणायला घेतलाय, एक बाही झाली. तुमच्याकडं सोयाबीन काढणीला आलं असेल. मी यायला पाहिजे होतं, आलो नाही. त्याचंही कारण पुढं आहे.

नरसिंग परवा जीप घेऊन हिंगोलीला आला होता. तोच सांगत होता की गुरुवारी, दहा तारखेला, तुला सेनगावला जबाबाला बोलावलंय. मिना सिस्टरच्या चौकशीत. तू काय सांगणार ते मला माहीत आहे, कारण तुझा अर्ज मीच टाइप केला होता. हे पत्र नरसिंगच्याच हाती देतोय, म्हणजे ते गुरुवारच्या आत तुला मिळेल. सगळं वाचल्याशिवाय जबाबाला जाऊ नको, एवढी विनंती आहे.

आता माझ्या कामाबद्दल सांगतो. गावात तू सांगतेस की आमचा सोमा कम्प्युटरवर असतो. त्यापुढं तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. आमची संस्था बेचाळीस आरोग्य केंद्रांच्या औषधांची नोंद ठेवते. कोणत्या केंद्रात काय आलं, काय वापरलं, काय उरलं. सिस्टर लोक मोबाइलवर नोंद करतात, ती आमच्या डेटाबेसमध्ये येते. आणि एक पान आहे, जे कुणीही मोबाइलवर उघडून बघू शकतं की कुठलं औषध कुठं शिल्लक आहे. सापाच्या इंजेक्शनसाठी ते पान लोक सगळ्यात जास्त उघडतात. आपल्याकडं खुरपणीच्या दिवसांत तर रोजच. ते पान माझ्याकडं होतं.

त्या पानाच्या मागं व्ह्यू नावाची गोष्ट असते. नावावरून वाटतं की तिथं काही मांडून ठेवलंय आणि आपण फक्त बघायचं. तसं नसतं. व्ह्यू म्हणजे लिहून ठेवलेला प्रश्न. उत्तर त्यात नसतं. कुणी बघायला गेलं की मशीन तो प्रश्न दर वेळी पहिल्यापासून सोडवतं.

आमचा पहिला व्ह्यू माझ्या आधीच्या माणसानं लिहिला होता, आलेल्या मालाचा. त्यावर त्यानंच दुसरा बसवला, वापरलेलं वजा करणारा. मी त्यावर तिसरा चढवला, फुटलेलं आणि मुदत संपलेलं वजा करायला. मग चौथा, एका केंद्रानं दुसऱ्याला दिलेलं धरायला. असं लिहायला सोपं जातं, कारण खालचं कुणीतरी आधीच केलेलं असतं. पण त्यामुळं तू एका केंद्रातलं एकच औषध विचारलंस तरी मशीन तळापर्यंत उतरायचं, बेचाळीस केंद्रांच्या सगळ्या औषधांची चार वर्षांची बेरीज-वजाबाकी करायचं आणि शेवटी तुझी एक ओळ ठेवून बाकी सगळं टाकून द्यायचं. सत्तर सेकंद लागायचे. रेंज नसली की त्याहून जास्त. गावोगावच्या आशाताई फोन करून म्हणायच्या, सर, तुमचं पान फिरूनच राहिलं, उघडंना.

बरोबर इलाज मला माहीत होता. चारही व्ह्यू मोडून एक सरळ क्वेरी, म्हणजे एकच प्रश्न, लिहायची, केंद्र आधी निवडायचं आणि मग फक्त त्याचीच बेरीज करायची, आणि नोंदींच्या टेबलांवर नीट इंडेक्स टाकायचे. इंडेक्स म्हणजे मशीनला सगळं न चाळता हवी ती ओळ सापडण्याची सोय. मला ते दोन आठवड्यांचं काम वाटलं. दुसरा इलाज एका दुपारचा होता. प्रश्न दर वेळी सोडवायचाच नाही. दिवसातून सहा वेळा सोडवायचा, उत्तर लिहून ठेवायचं आणि विचारणाऱ्याला ते लिहिलेलं दाखवायचं. सगळीकडं करतात असं, चुकीचं नाही ते. मी जूनच्या पहिल्या आठवड्यात ते केलं. पहाटे चार, सकाळी आठ, दुपारी बारा, असं दर चार तासांनी उत्तर नवं व्हायचं. पान पापणी लवायच्या आत उघडायला लागलं. आमच्या तातेराव सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी त्या दिवशी तुला फोन केला होता, आठवतं? दाजींनी फोन हातात घेऊन विचारलं होतं, "सोमेश्वरराव, बढती कधी?"

एक गोष्ट राहिली. पानावर आकड्याच्या खाली एक ओळ टाकायची होती: ही माहिती सकाळी आठ वाजताची आहे. तातेराव सर म्हणाले, लोक बिचकतील, जुनं जुनं म्हणून फोन करत बसतील. मी वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात बघू म्हणालो. मग बघितलं नाही.

आता चोवीस जुलै.

त्या दिवसाचं तुला मी काय सांगू. तू तिथं होतीस. पण तुझ्या बाजूनं तुला जे दिसलं त्याच्या पलीकडं काय चाललं होतं ते फक्त मला माहीत आहे, म्हणून लिहावं लागतंय.

तुझा फोन अकरा वाजून वीस मिनिटांनी आला. मी खुर्चीत होतो, समोर मशीन चालू होतं. तू म्हणालीस, "सोमा, यायला, तुझ्या दाजीला, नाग चावला. पायाला. नरसिंगच्या जीपमधी हाये आमी, पुसेगावच्या फाट्यावर. हिंगोलीला नेऊ का माळावरच्या दवाखान्यात? इंजेक्शन कुठं हाये ते बघून सांग."

मी पान उघडलं. माळावरचा दवाखाना, बारा कुप्या. मी म्हणालो, "अक्का, माळावर ने. बारा आहेत तिथं. जवळ पडेल." तू म्हणालीस, "बराबर बघितलं ना?" मी म्हणालो, "समोरच आहे माझ्या. फोटो पाठवतो." आणि पाठवला.

तुम्ही माळावर पोचलात तेव्हा मिना सिस्टर दारातच म्हणाली की इंजेक्शन संपलं, थेट हिंगोलीला न्या. तू तिला मोबाइल दाखवलास. मी पाठवलेला फोटो. तिनं फ्रीज उघडून रिकामा कप्पा दाखवला. सोबत आलेले दाजींचे भाऊ तिच्या अंगावर ओरडले, कपाटं उघडायला लावली. त्यात दहा मिनिटं गेली. मग तीच हातानं श्वास द्यायची पिशवी घेऊन जीपमध्ये मागं बसली. हिंगोली पाच किलोमीटरवर आली तेव्हा तिनं पिशवी दाबायची थांबवली. हे मला नरसिंगनं सांगितलं. तू त्यातलं काही बोलली नाहीस आणि मी विचारलं नाही.

सावडून झाल्यावर तिसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो आणि टेबल उघडलं. पान नाही, मूळ टेबल, जिथं सिस्टर लोकांच्या नोंदी जशाच्या तशा येऊन पडतात. माळावरच्या दवाखान्याच्या दोन नोंदी होत्या. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी दहा कुप्या वापरल्या. दहा बेचाळीसला दोन. रुग्ण किसनसिंग, तांड्यावरचा म्हातारा, त्याला बांधावर नागच चावला होता. तो वाचला.

म्हणजे मिना सिस्टरनं नोंद वेळेवर केली होती, अक्का. मागून केलेली नाही. तुझा फोन यायच्या अडतीस मिनिटं आधी खरा आकडा आमच्याकडं येऊन पडला होता. शून्य. पण मी तुला वाचून दाखवलं ते आठ वाजता लिहून ठेवलेलं उत्तर होतं. बारा वाजता मशीननं नवं उत्तर तयार केलं आणि पानावर शून्य आलं. तेव्हा तुमची जीप माळावरून फाट्याकडं परत येत होती.

मी हे तातेराव सरांना सांगितलं. त्यांनी दोन्ही नोंदी स्वतः वाचल्या. मग म्हणाले, "तू काही चुकीचं केलं नाहीस. पानावर विसंबून कुणी निर्णय घ्यायचा नसतो." मला ते ऐकून बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण बरं वाटलं.

त्यानंतर तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. चारही व्ह्यू मोडले, क्वेरी नव्यानं लिहिली, केंद्र आधी निवडलं, दोन इंडेक्स टाकले. पान एका सेकंदाच्या आत उघडायला लागलं आणि आकडा त्या क्षणाचा, ताजा. दोन आठवड्यांचं वाटलेलं काम तीन दिवसांत झालं. झाल्यावर मी जिन्यात जाऊन बसलो. कुणीतरी विचारलं, बरं नाही का. मी म्हणालो, ऊन लागलं. बाहेर आभाळ भरून आलेलं होतं.

आता अर्जाचं.

दहाव्याला मंडळी तुमच्या ओसरीवर बसली होती तेव्हा दाजींचे चुलते म्हणाले, अकरा वीसला मोबाइलात बारा होते आणि अकरा चाळीसला फ्रीज रिकामा, म्हणजे त्या बाईनं मधल्या वीस मिनिटांत दडवले, आणि तिच्याच तांड्याच्या माणसाच्या नावावर मागून लिहून टाकले. सगळ्यांनी माना हलवल्या. तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "सोमा, तुला कळतं यातलं. असं होऊ शकतं का?"

तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी म्हणालो, "चौकशी झाली पाहिजे."

एवढंच म्हणालो. मग तुम्ही अर्ज करायचं ठरवलं आणि मी तो टाइप केला. 'माझ्या भावाने पाठवलेल्या छायाचित्रात बारा कुप्या स्पष्ट दिसत आहेत' हे वाक्य माझ्या बोटांनी लिहिलं. तुझी सही घेतली, फोटो जोडला. त्या अर्जावर मिना सिस्टरला कामावरून बाजूला केलं. ऑगस्टपासून ती घरी आहे. नरसिंग म्हणतो, पुसेगावच्या बाजारात बायका तिच्याजवळून उठून दुसरीकडं बसतात. तिनं तुझ्या नवऱ्याचा श्वास अर्धा तास स्वतःच्या हातानं चालवला, आणि तिला चोर ठरवणारा कागद मी तयार केला. तू नाही. तुला काहीच माहीत नव्हतं.

इथं थांबलो असतो तर हे पत्र सोपं झालं असतं. कालपर्यंत मी इथंच थांबायचं ठरवलं होतं. तुला एवढं कळलं तरी मिना सिस्टर सुटते, आणि तू म्हणशील, सोमा, तुला काय ठाऊक होतं, यंत्रानं फसवलं तुला.

यंत्रानं मला फसवलं नाही, अक्का.

तू फाट्यावरून फोन केलास आणि मी बारा वाचले, तेव्हा माझ्या मनात आलं होतं की हा आठचा आकडा आहे. स्पष्ट आलं होतं. जुना सत्तर सेकंदांचा व्ह्यू मी काढून टाकलेला नव्हता, तो तसाच होता. त्याला विचारलं असतं तर त्यानं मुळापासून मोजून खरं सांगितलं असतं. मी त्याचं नाव अर्धं टाइपही केलं होतं. तुझ्या मागं दाजी काहीतरी बोलत होते, त्यांची जीभ जड झाली होती, शब्द कळत नव्हते. इंजिन चालू होतं. मला वाटलं, सत्तर सेकंद हिला फाट्यावर कसं उभं करू. वाटलं, तीन तासांत बारा कुप्या कुठं जातात, एवढे साप कुठं चावतात. मी टाइप केलेलं पुसलं आणि तुला माळाचा रस्ता सांगितला.

सत्तर सेकंद थांबलो असतो तर तुम्ही सरळ हिंगोलीला निघाला असतात. दाजी वाचले असते का, मला माहीत नाही. मी दोन डॉक्टरांना विचारलं, नाव न सांगता. एक म्हणाले, कदाचित. दुसरे म्हणाले, बहुतेक.

तू सातवीत शाळा सोडलीस, कारण आई आजारी होती आणि घरात कुणीतरी पाहिजे होतं, आणि मला शाळेत जायचं होतं. तुझ्या लग्नात मी रडत होतो तेव्हा दाजींनी मला स्वतःच्या पाटाशेजारी बसवलं, म्हणाले, "तुझी अक्का नेत नाही रे, मी तुमच्या घरी एक माणूस वाढवून राहिलो." असं कुणी बोललेलं मी त्यानंतर ऐकलं नाही.

मी चौकशी अधिकाऱ्यांना काल लिहून दिलंय. दोन्ही नोंदींच्या प्रती, पान कधी कधी नवं झालं त्याची यादी, आणि फाट्यावरच्या फोनचं जे वर लिहिलं ते सगळं. गुरुवारी मीही सेनगावला येणार आहे. दाराबाहेर थांबेन. तू माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही. तू जबाबात माझं नाव घे. घेताना कचरू नको.

माफी मागायला शब्द शोधत होतो. सापडला असता तर तीन चकरा रिकाम्या गेल्या नसत्या.

तू रागावलीस तरी तुझाच, आणि तोंड बघणार नाही म्हणालीस तरी तुझाच,
सोमा


पुसेगावजवळ, वस्तीवरून
रविवार, २७ ऑक्टोबर २०२४

सोमा,

तुझं पत्र भेटलं. नरसिंगभाऊनं दिलं. तीन डाव वाचलं. ते कंपुटरचं काही समजलं काही न्हाई, पण जे समजायचं ते समजलं. मला लिहायची सवय न्हाई, अक्षर असंच राहील.

गुरुवारी तू दाराबाहेर बाकड्यावर बसलेला मला दिसला. मी मुद्दाम बघितलं न्हाई. आतमधी मी सांगितलं की मिनाबाईचा काही कसूर न्हाई, माझा अर्ज खोटा पडला, तो वापस घेते. साहेब म्हणले, मग आकडा कुणी सांगितला. मी म्हणले, माझ्या भावानं. त्यायनी लिहून घेतलं. खाली मी सही केली.

मागच्या सोमवारी मी तांड्यावर गेले. एकलीच गेले, सासरच्या मंडळीला सांगितलं न्हाई. मिनाबाई अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होती. मी म्हणले, "बाई, मी तुमच्यावर आळ घेतला. मला माफी करा." ती उठली, तांब्या भरून पाणी दिलं. म्हणली, "तुमचा राग न्हाई आला मला. तुमचं कुकू गेलं होतं. पण माझी सासू तीन महिने बाजारला गेली न्हाई. तिला काय सांगू मी." पाणी पिले अन् बसून राहिले.

मग एक म्हातारा आला काठी टेकत. मला वाटलं तिचा सासरा असंल. मिनाबाई म्हणली, हेच किसनसिंगबाबा. तो माझ्यासमोर येऊन उभाच राहिला. हात जोडले. जणू काही तोच चोर. मी त्याचे हात खाली केले. म्हणले, बाबा, बसा. तुमी जगले ते बरंच झालं. असं म्हणले मी. मनातून म्हणले का न्हाई ते देवाला ठाऊक, पण तोंडानं म्हणले.

मिनाबाईला कामावर घेणार हायेत म्हणती. सासरच्या मंडळीला दुसऱ्या दिवशी सांगितलं सगळं. दीर दोन दिवस जेवले न्हाईत. चुलते म्हणले, आता सोमेश्वरवर अर्ज टाकू. मी म्हणले, माझ्या सहीशिवाय टाका. मग तो अर्ज राहिला.

आता तू मला सांगितलं तसं मीबी तुला सांगते. कुणालाच सांगितलं न्हाई हे. तुझ्या पत्रात हाये की फोनमधी मागं ते काहीतरी बोलत होते अन् तुला शब्द कळले न्हाईत. मला कळले होते. ते म्हणत होते, हिंगोली. हिंगोलीला चल. दोन डाव म्हणले. माझा पदर धरून म्हणले. अन् मी त्यायला म्हणले, थांबा जरा, सोमा बघून सांगून राहिला, त्याला सगळं ठाऊक असतं. तू माळावर म्हणला तवा त्यायनं माझा पदर सोडला अन् डोळे मिटून घेतले. मला वाटलं, इसवा घेऊन राहिले.

म्हून मी तुला काय बोलू. तू सत्तर सेकंद म्हणतो. माझ्याजवळ तर माणूसच होता, जितंजागतं, अन् मी त्याचं ऐकलं न्हाई, तुझं ऐकलं. आता रोज ते एकच ऐकू येतं मला, भाकरी थापतानाबी. पुनम म्हणती, आई, तवा करपला.

तू पाप केलं असं मी म्हणत न्हाई. तू घाई केली. पण दहाव्याला तू तोंड मिटून बसला, ते माझ्यानं गिळल्या जात न्हाई. त्या दिवशी मी सगळ्या मंडळीत फक्त तुझ्याकडं बघितलं होतं. एका बाईचं घर बसलं त्याच्यात, अन् मला तू खोटं बोलणारी केलं. नवरा गेला तो नागानं नेला म्हून मी मनाला समजावलं असतं. भाऊ कशानं गेला म्हणू.

भाऊबीजेला येऊ नको. पुनम वाट बघती, तिला काय सांगायचं ते मी सांगीन. आईला यातलं काही सांगू नको, तिला सोसणार न्हाई. स्वेटर नरसिंगभाऊकडं दे. तुझी नोकरी राहिली का गेली ते कळव, नरसिंगभाऊजवळच, फोन करू नको. फोन वाजला अन् तुझं नाव दिसलं की माझ्या छातीत कळ येते. ते थांबंल तवा मीच लावीन. किती दिवसानं ते मला सांगता येत न्हाई. थांबशील ना.

जेवत जा येळेवर. आईचं औषध चुकवू नको.

खाली 'तुझी अक्का' लिहावं का नुसतं नाव लिहावं, हे दोन दिवस झाले ठरून न्हाई राहिलं. नरसिंगभाऊ जीप चालू करून उभा हाये. म्हून काहीच लिहीत न्हाई. तू वळखशील.